बंद ट्रेलरमधनं गाडी न्यायची तर काय काय बघायचं? कोल्हापुरातनं नेहमी येणारे प्रश्न

सीझन सुरू झाला की फोन चालू होतात. कुणाला रेसची गाडी कोइमतूरच्या करी स्पीडवेला न्यायची असतीय, कुणाला आजोबांची पद्मिनी रिस्टोअर करून पुण्याच्या शोला, आणि प्रश्न तेच तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलंय. मी काय इंजिनिअर नाही, उद्यमनगरात वर्कशॉप आहे आणि गेली काही वर्षं स्वतःचा बंद ट्रेलर पिकअपच्या मागं लावून हिंडतोय, त्यात ज्या चुका केल्या त्या पण इथं आहेत.

बंद ट्रेलरच कशाला? उघड्यावर टाकून नेली तर काय होतंय?

काय होत नाही, नेतातच की लोक. रोजची स्विफ्ट न्यायची असेल तर उघडा ट्रेलर नाहीतर फ्लॅटबेड बेस्ट, हलका असतोय, वारा कमी लागतोय, चढवायला सोपं, आणि चालताना आरशात गाडी दिसत राहतीय. बंद घ्यायचा तो तीन कारणांसाठी. एक, रंग. हायवेवर पुढच्या डंपरमधनं खडी उडाली की ताज्या पॉलिशची वाट लागतीय. दोन, पाऊस. तीन, रात्री लॉजवर थांबलात तर कुलूप लावता येतंय आणि आत काय आहे ते कुणाला कळत नाही. पण बंद ट्रेलर म्हंजे मागं एक भिंत ओढत नेणं आहे, हे आधी डोक्यात घ्या. वजन जास्त, उंची जास्त, आणि वारं लागलं की शीड झालं त्याचं.

माझ्याकडं स्कॉर्पिओ आहे / थार आहे / फॉर्च्युनर आहे, ओढेल का?

ओढायचं काय, ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या उसाच्या ओढतोय. प्रश्न थांबवायचा आहे. मागचं वजन उतारावर तुम्हाला ढकलायला लागलं की इंजिन किती हॉर्सपॉवरचं आहे त्याला काय अर्थ राहत नाही.

पहिल्यांदा गाडीचं मॅन्युअल काढा आणि टोइंगचं पान वाचा. आपल्याकडं बऱ्याच गाड्यांना कंपनी टोइंगचा आकडाच देत नाही, काहीत तर सरळ लिहिलंय की ट्रेलर लावू नका. यूट्यूबवर ऑस्ट्रेलियातला माणूस तीन टन ओढतोय म्हणून आपली पण ओढेल असं नसतंय, तिकडं त्याच नावाच्या गाडीला हिच (ट्रेलर जोडायचा हुक) वेगळा, कूलिंग वेगळं, कधीकधी चेसिसचे मेंबर पण वेगळे असतात. आणि मोनोकॉक, म्हंजे वेगळी चेसिस नसलेल्या, एसयूव्हीला गल्लीत वेल्डिंग मारून हुक बसवून त्यावर दोन टन लावू नका, कळकळीची विनंती.

एकूण वजन किती होतंय साधारण?

माझं उदाहरण देतो. ट्रेलर रिकामा १,२५० किलो. त्यात पद्मिनी धरा ९०० च्या आसपास. टूलबॉक्स, जॅक, चार जादा टायर, पाण्याचा कॅन असं करत ११० किलो. झाले २,२६०. म्हंजे गाडी नऊशेची पण मागं ओढताय सव्वादोन टन. लोक फक्त गाडीचं वजन धरतात आणि ट्रेलर विसरतात, ही सगळ्यात कॉमन चूक.

अंदाज बांधत बसू नका, वजनकाट्यावर न्या. आपल्या जिल्ह्यात काट्यांचा काय तोटा आहे? मार्केट यार्डात आहे, प्रत्येक साखर कारखान्याच्या दारात आहे, एमआयडीसीत तर गल्लोगल्ली. एकदा सगळं जोडून करायचं, एकदा ट्रेलर सोडवून नुसती पुढची गाडी करायची, फरक तो ट्रेलर. दोन पावत्या होतात, जपून ठेवा.

गाडी ट्रेलरमध्ये नेमकी कुठं उभी करायची? मध्ये?

हा खरा प्रश्न, आणि हा फार कमी लोक विचारतात.

ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना समजवायला लागत नाही. मागं जास्त भरलं की गाडी उलाळ होतीय, जू वर उचललं जातंय आणि बैलाच्या गळ्याला फास बसतोय. पुढं जास्त भरलं तर बैलाच्या मानेवर बोजा. जुनी माणसं भरताना जू हातानं उचलून बघायची. ट्रेलरचं गणित शंभर टक्के तेच आहे, फक्त बैलाच्या जागी तुमच्या गाडीचा टो-बॉल आहे, म्हंजे हिचवरचा गोळा, ज्याच्यावर ट्रेलरचं तोंड बसतंय.

उलाळ ट्रेलर स्पीडला गेला की शेपटी हलवायला लागतोय, आणि एकदा हलायला लागला की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. म्हणून बॉलवर थोडं वजन पाहिजेच. अमेरिकन हिशोबात एकूण ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के सांगतात, साधारण ६० टक्के माल एक्सलच्या पुढं. युरोपात ट्रेलरची बांधणी वेगळी आणि वेग पण कमी, तिथं बॉलवर कमी वजन चालतंय. आपण काय करायचं? ट्रेलर बनवणाऱ्यानं सांगितलेला आकडा धरायचा, आणि हिचची नाहीतर गाडीची जी मर्यादा लिहिलेली असेल त्याच्या वर कधीच जायचं नाही. माझे २,२६० धरले तर १० टक्के म्हंजे २२६ किलो, माझ्या हिचची मर्यादा २५०. म्हणून मी २३० च्या आसपास ठेवतो, त्याच्या पुढं जायची सोयच नाही.

आता माझी चूक. पहिल्याच वर्षी एक जुनी गाडी घेऊन बेळगावला निघालो होतो. गाडी जागेवर बरोबर उभी होती, पण निघताना मित्रानं दोन गिअरबॉक्स आणि टायर आणून दिले आणि मी ते मागच्या फाळक्याजवळ (जे मागचं दार खाली पाडून त्यावरनं गाडी चढवतात) टाकले, कारण फाळका उघडाच होता आणि पुढं सरकवत न्यायचा कंटाळा. दीडएकशे किलो असतील. कागल सोडल्यावर रिकामा रस्ता बघून ८५ ला गेलो, शेजारनं स्लीपर बस गेली आणि आरशात ट्रेलरची डावी बाजू दिसली, मग उजवी, मग परत डावी. तीन सेकंद असतील. स्टिअरिंग हलकं झालेलं हाताला कळत होतं, जसं पाणी साचलेल्या रस्त्यावर होतंय. नशीब, रस्ता सपाट होता. बाजूला थांबून अर्धा तास नुसता बसलो, मग ते गिअरबॉक्स उचलून पुढं ठेवले आणि तोच ट्रेलर, तोच रस्ता, काही नाही.

बॉलवरचं वजन घरी कसं मोजायचं? काट्यावर कळेल का?

मोठ्या काट्यावर एवढं बारीक नीट कळत नाही. घरचा वजनकाटा घ्या, जो पायानं उभं राहायचा असतोय तो. तो १२०-१५० ला संपतोय म्हणून एक जाड फळी घ्या, एक टोक विटेवर, दुसरं टोक काट्यावर, दोन्हीकडं खाली पाईपचा तुकडा म्हंजे टेकायची जागा पक्की राहील. दोन पाईपमधलं अंतर ३ फूट धरा. ट्रेलरचं तोंड विटेच्या बाजूनं १ फुटावर टेकवा. काटा जे दाखवेल त्याला तीननं गुणा. ७५ दाखवले तर २२५. नुसती फळी ठेवल्यावर काटा जे दाखवतोय ते आधी बघून ठेवा आणि गुणायच्या आधी वजा करा. जमीन सपाट पाहिजे, ट्रेलर लेव्हलला पाहिजे आणि ट्रेलरच्या चाकांना गुटके लावलेले पाहिजेत.

एकदा बरोबर जागा सापडली की ट्रेलरच्या फ्लोअरवर पेंटनं रेघ मारा, पुढचं चाक इथं. प्रत्येक गाडीची रेघ वेगळी येणार. पुढं इंजिन असलेल्या गाडीचं जड टोक पुढंच असतंय म्हणून नाक पुढं करून घालायची. मागं इंजिन असेल, जुनी बीटल वगैरे, तर उलटी रिव्हर्सनं घालावी लागू शकते, मोजून बघा.

चढवायची कशी, क्रमानं सांगा

पहिलं, ट्रेलर पुढच्या गाडीला जोडलेला पाहिजे. मोकळ्या ट्रेलरवर गाडी चढवली की सीसॉ होतोय. दुसरं, जागा सपाट आणि सरळ. शिवाजी पेठेतल्या बोळात चढवायचा हट्ट करू नका, सरळ मोकळ्या मैदानात जावा. ओढणाऱ्या गाडीचा हँडब्रेक, गिअरमध्ये, चाकांना गुटके. मग ट्रेलरच्या मागच्या दोन कोपऱ्यांना जॅकस्टँड नाहीतर त्याचे पाय खाली सोडायचे. हे लोक विसरतात. गाडीची पुढची चाकं फाळक्यावर आली की सगळं वजन ट्रेलरच्या शेपटीवर येतंय, पुढचं तोंड वर उचलतंय आणि त्याच्याबरोबर तुमच्या पिकअपची मागची चाकं हलकी होतात. मागच्या चाकांवरच तर हँडब्रेक असतोय! सगळी वरात पुढं सरकलेली मी डोळ्यांनी बघितलीय.

एकच माणूस सांगणार. हे फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडं गाडी चढवायला लागली की दहा जण गोळा होतात आणि दहाही जण "येऊ दे येऊ दे, डावं मार, अरे डावं, बास बास बास" करतात. एकानं समोर ट्रेलरच्या बाजूच्या दारात उभं राहायचं, गाडीच्या सरळ रेषेत कधीच नाही. ब्रेकवरनं पाय घसरला तर गाडी आणि पुढची भिंत यांच्यात माणूस सापडतोय. आणि मागं फाळक्याच्या पाठीमागं तर कुणालाच उभं करू नका, लहान पोरं तर अजिबात नाही.

क्लच घासत, रेस करत चढवू नका, पहिल्या गिअरमध्ये सावकाश. फाळका ओला असेल तर पुसा, त्याच्यावर वाळूचा कागद नाहीतर खडबडीत पट्टी चिकटवून घ्या.

गाडी लो आहे, पुढचा बंपर घासतोय

फळ्या. दोन-दोन इंचाच्या फळ्या पायरीसारख्या फाळक्याच्या आधी ठेवायच्या म्हंजे कोन कमी होतोय. किंवा पुढच्या गाडीची मागची चाकं खोलगट जागी न ठेवता उलट रस्त्याच्या उंचवट्यावर ठेवा, म्हंजे ट्रेलरची शेपटी खाली येतीय, पण तिथं पण गुटके विसरू नका. वर चढून फाळका संपतो तिथं गाडीचं पोट टेकतंय का तेही बघा, सायलेन्सर तिथंच फुटतोय.

गाडी चालू होत नाही, नुसती बॉडी आहे

विंच, म्हंजे दोर गुंडाळत गाडी ओढून घेणारं यंत्र. हातानं फिरवायचं असो का बॅटरीवरचं असो. ढकलून चढवू नका, पाच पोरं ढकलतात, एकाचा पाय सटकतोय आणि गाडी मागं येतीय. न्यूट्रलला टाका, स्टिअरिंग लॉक काढा, आत एक माणूस ब्रेकवर बसवा, पण इंजिन बंद असल्यावर ब्रेकचं पेडल कडक होतंय हे त्याला आधी सांगा. गाडी वर जाईल तसा एक जण मागच्या चाकामागं गुटका सरकवत राहील, बाजूनं उभं राहून. विंचच्या स्टीलच्या दोरावर जुनी गोधडी नाहीतर जाड पोतं टाका, दोर तुटला तर चाबकासारखा येतोय. आणि गाडी जागेवर गेल्यावर विंचवरच सोडून निघायचं नाही, विंच ओढायला आहे, बांधून ठेवायला नाही.

आत नेली पण दार उघडत नाही, मी बाहेर कसा येऊ?

हसू नका, हा प्रश्न खरा आहे आणि दोघांनी विचारलाय. साधारण साडेसहा-सात फूट आतली रुंदी, त्यात चाकांचे डबे आत आलेले. काच आधी खाली करून ठेवा आणि खिडकीतनं या. चांगल्या ट्रेलरला ड्रायव्हरच्या बाजूला बरोबर दाराच्या उंचीला एक झडप ठेवतात, बनवून घेत असाल तर हे सांगून करून घ्या, हजारात काम होत नाही पण पस्तावणार नाही. इंजिन लगेच बंद. बंद डब्यात इंजिन चालू ठेवून "जरा बेल्ट लावून घेतो" म्हणायचं नाही, धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतोय, कळायच्या आत डोकं जड होतंय.

पट्टे कसे लावायचे? चेसिसला का चाकाला?

दोन्ही पद्धती आहेत आणि यावर चहाच्या गाड्यावर मारामाऱ्या झाल्यात.

चाकाला बांधलं, म्हंजे टायरवरनं जाळी किंवा पट्टा टाकून फ्लोअरला ओढलं, तर चाक जागचं हलत नाही आणि वरची बॉडी आपल्या सस्पेन्शनवर डोलत राहतीय. रस्त्याचे धक्के सस्पेन्शन खातंय, पट्ट्यावर झटके कमी. रोजच्या गाड्यांना आणि जुन्या नाजूक गाड्यांना मी हेच करतो. चेसिसला बांधलं तर बॉडी खाली दाबून धरायला लागतीय, कारण खड्ड्यात गाडी दबली की पट्टा ढिला होतोय, हुक निसटतोय. रेसच्या गाड्यांना बांधायला कंपनीनंच जागा दिलेली असतीय, तिथं चालतंय.

कसंही बांधा, चार टोकं पाहिजेतच, चार कोपऱ्यांना चार वेगळे पट्टे. दोन पुढं ओढणारे, दोन मागं ओढणारे, आणि शक्यतो फुलीत, डाव्या चाकाचा पट्टा उजव्या रिंगला. फुलीनं गाडी आडवी सरकत नाही. जागा कमी असेल आणि फुली केल्यावर पट्टा सायलेन्सरला किंवा ब्रेकच्या पाईपला घासत असेल तर मग सरळच लावा. ब्रेकपाईप, स्टिअरिंगचा रॉड, अँटीरोल बार, ड्राईव्हशाफ्ट यांना हुक अडकवायचा नाही.

पट्टा कुठला? ५० मिमी रुंदीचा रॅचेट, म्हंजे दांडा हलवून दात्यांवर घट्ट होणारा. इथं एक गंमत आहे, पट्ट्यावर मोठ्या अक्षरात "५ टन" लिहिलेलं असतंय आणि आपण खुश. ती बहुतेक वेळा तुटायची ताकद असतीय. वापरायची ताकद बारीक अक्षरात, डब्ल्यूएलएल किंवा एलसी नावानं, ती निम्मी किंवा तिसरा हिस्सा. लेबलच नसेल तर तो पट्टा ताडपत्री बांधायला ठेवा. धार असेल तिथं खाली जुन्या फायर होजचा तुकडा नाहीतर जाड कापड. चिरलेला, उन्हानं पांढरा पडलेला पट्टा फेकून द्या, "अजून एक ट्रिप काढंल" म्हणायचं नाही. नायलॉनचा दोर नको, तो ताणला जातोय.

आणि रिंग! ट्रेलरच्या फ्लोअरला ज्या डी-रिंगला पट्टा बांधणार ती प्लायवूडला स्क्रूनं बसवलेली आहे का खालच्या क्रॉस मेंबरला बोल्टनं, हे वाकून बघा. मी एका सेकंडहँड ट्रेलरची रिंग हातानं ओढली तर फळीसकट वर आली.

रॅचेट घट्ट झाल्यावर उरलेला पट्टा गुंडाळून बांधा. फडफडत राहिला की आठ तासात पेंटवर पट्टा ओढल्याची रेघ पडतीय, नवीन पॉलिशवर ती बघायला मिळाली की रडूच येतंय.

हँडब्रेक लावायचा का? गिअर?

दोन्ही. ऑटोमॅटिक असेल तर पार्क आणि हँडब्रेक, नुसत्या पार्कवर भरवसा नको. फक्त पावसाळ्यात गाडी आठ-दहा दिवस ट्रेलरमध्येच ठेवणार असाल तर हँडब्रेक लावून ठेवू नका, ड्रमला चिकटतोय. तेव्हा गिअर आणि चारी बाजूला गुटके.

पेट्रोल, बॅटरी?

टाकीत पाव भागाच्या वर नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बंद ट्रेलरमध्ये खाली फ्लोअरवर साठतीय, म्हणून खालच्या बाजूला जाळी असलेली हवेची वाट पाहिजे, वरची एकटी पुरत नाही. जादा पेट्रोलचा कॅन आत ठेवायचाच नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला टपकायची सवय असतीय, टाकीचं झाकण आणि पाईप बघून घ्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पावडरचं अग्निशामक पिकअपमध्ये, ड्रायव्हरच्या हाताला लागेल असं. ट्रेलरच्या आत ठेवून काय उपयोग, आग आतच लागणार.

हिच आणि साखळीत काय चुकतंय?

बॉल आणि कपलरचा (ट्रेलरच्या तोंडाची वाटी, जी बॉलवर बसतीय) साईज. आपल्याकडं ५० मिमीचा बॉल जास्त दिसतोय, बाहेरनं आलेल्या कपलरचे साईज वेगवेगळे असतात. मोठ्या कपलरमध्ये छोटा बॉल बसलेला दिसतोय, पण एका खड्ड्यात उडून वर येतोय. लॉक झाला का बघायला ट्रेलरचा पुढचा जॅक थोडा वर फिरवा, पिकअपची शेपटी त्याच्याबरोबर वर आली म्हंजे कपलर धरलाय. मग जॅक पूर्ण वर घ्या.

साखळ्या दोन, कपलरच्या खालनं फुलीत. कपलर सुटलाच तर त्याचं तोंड त्या फुलीत झोळीसारखं बसतंय, रस्त्यात रुतत नाही. वळताना ताण येऊ नये एवढ्या ढिल्या, पण जमिनीला घासतील एवढ्या नकोत.

ट्रेलरला ब्रेक पाहिजेच का?

युरोपात बिनब्रेकचा ट्रेलर एकूण ७५० किलोपर्यंतच चालतोय. आपला दोन टनाच्या वर आहे. पाहिजेच. ओव्हररन ब्रेक असतोय, म्हंजे पुढची गाडी थांबली की ट्रेलर पुढं दाबतोय आणि त्याच दाबानं त्याचा ब्रेक लागतोय. दुसरा इलेक्ट्रिक, त्याला आत कंट्रोलर लागतोय. ओव्हररनला ग्रीस आणि केबलची ॲडजस्टमेंट वर्षातनं दोनदा तरी. ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी ब्रेकअवे तार पण असतीय, ती साखळीला नाही, वेगळी गाडीला अडकवायची.

स्पीड किती? पुण्याला जाताना काय सांभाळायचं?

मी ६० ते ७०. हसणारे हसू देत. डाव्या लेनमध्ये.

मी सकाळी सहाला तावडे हॉटेलपासनं निघतो आणि किणीचा टोलनाका ओलांडला की पहिला थांबा. वीस-पंचवीस किमीच झालेले असतात पण सुरुवातीला पट्टे बसतात, टायर दबतोय, रॅचेट हमखास दोन दात ढिलं झालेलं असतंय. आत जाऊन चारी पट्टे हातानं वाजवायचे, घट्ट पट्ट्याचा आवाज वेगळा येतोय. मग ट्रेलरच्या प्रत्येक हबला, म्हंजे चाकाच्या मधल्या भागाला, हाताची मागची बाजू जवळ न्यायची, सगळे सारखे कोमट पाहिजेत. एकच हात लागू देत नाही एवढा गरम असेल तर बेअरिंग नाहीतर ब्रेक अडकलाय, पुढं जायचं नाही. चाकाचे नट पण पहिल्या ५०-८० किमीनंतर पान्यानं तपासायचे. पुढं दर दीड-दोन तासाला हाच फेरा, चहा प्यायच्या आधी, नंतर नाही. नंतर कंटाळा येतोय.

पुण्याकडं जाताना दोन जागा लक्षात ठेवा. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर उतार आणि वळण एकत्र येतंय, आणि कात्रजच्या नवीन बोगद्यानंतर नवले पुलापर्यंतचा लांब उतार, जिथं ब्रेक फेल होऊन ट्रक घुसल्याच्या बातम्या तुम्ही वाचलेल्याच आहेत. दोन्हीकडं बोगद्याच्या आधीच गिअर खाली घ्यायचा, इंजिनवर गाडी धरायची, ब्रेक दाबून धरून उतरायचं नाही, तापतोय आणि मग पेडल स्पंजासारखं होतंय. न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवणाऱ्याला माझा दंडवत.

अंतर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट सोडायचं. त्या मोकळ्या जागेत कोणतरी ॲक्टिव्हावाला घुसणारच, परत मागं या.

ट्रेलर हलायला लागला तर?

जोरात ब्रेक मारायचा नाही. स्पीड वाढवायचा नाही, "ॲक्सिलरेटर दिला की सरळ होतंय" असं सांगणारे भेटतील. स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, झोक्याच्या उलटं फिरवत बसायचं नाही, पाय ॲक्सिलरेटरवरनं काढायचा. इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हातानं हळू द्यायचा. थांबल्यावर वजन कुठं आहे ते बघायचं, दोष ड्रायव्हिंगचा कमी आणि भरण्याचा जास्त असतोय.

रिव्हर्स जमत नाही

हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला, सहाच्या काट्यावर ठेवा. ट्रेलरची शेपटी जिकडं न्यायचीय तिकडं हात सरकवा. थोडं थोडं. बिघडलं तर पुढं येऊन सरळ करा, लाज वाटायचं काय कारण नाही. रविवारी सकाळी मोकळं मैदान बघून दोन तास घालवा, येतंय.

पावसाळ्यात काढावा का?

माझा नियम साधा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की ट्रेलर शेडमध्ये. ४३ ला धोका पातळी, पण तोपर्यंत वाट बघून उपयोग नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली, ट्रकच्या रांगा दिवसच्या दिवस उभ्या. ट्रेलर घेऊन त्या रांगेत सापडलात तर मागं वळवता पण येत नाही. नुसत्या पावसात निघायला हरकत नाही, स्पीड अजून कमी करा. आणि हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, त्यामुळं मी रात्री निघतच नाही.

आरटीओचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणं ट्रेलर हे स्वतःच मोटार वाहन आहे, म्हंजे त्याची वेगळी नोंदणी, वेगळं आरसी. ट्रेलरचा नंबर त्याच्या बाजूला आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागं, दोन्ही पाहिजेत. उद्यमनगरात पंधरा दिवसांत झकास ट्रेलर बनवून मिळतोय पण कागदाशिवाय तो फक्त शेडमधलं कपाट आहे, म्हणून बनवायच्या आधी आरटीओत विचारा, नंतर नाही. लाईट, इंडिकेटर, रिफ्लेक्टिव्ह टेप, मागं लाल, बाजूला पिवळी. विम्याच्या एजंटकडनं ट्रेलरचं लेखी घ्या, आणि आतली गाडी त्यात धरलीय का ते वेगळं विचारा, बहुतेक वेळा नसतीय.

टायर?

कडेला शेवटचे चार आकडे बघा, २३२१ म्हंजे २०२१ चा २३ वा आठवडा. सहा वर्षं झाली की बदला, नक्षी कितीही शिल्लक असू दे. ट्रेलरचा टायर झिजून जात नाही, उभ्या-उभ्या म्हातारा होतोय. हवा थंड असताना, ट्रेलरसाठी सांगितलेल्या आकड्याएवढी.

मला नाही जमणार, ट्रान्सपोर्टवाल्याकडनं पाठवतो. काय बघू?

देताना त्याच्या माणसासमोर चारी बाजूचे, छताचे, किलोमीटरचे फोटो आणि व्हिडिओ, आणि जुने ओरखडे पावतीवर लिहून घ्या. गाडीत सामान ठेवू नका. फास्टॅग काढून घ्या नाहीतर झाका, उघड्या कॅरिअरवर गाडी असली तर टोलवर तुमचा पण टॅग वाचला जाऊ शकतोय. एका मित्राची गाडी अशी गेली होती, उतरवल्यावर खालचा बंपर फाटलेला आणि ते म्हणाले आधीपासनंच होता, फोटो नव्हते, विषय संपला. पोचल्यावर सही करायच्या आधी गाडीभोवती फेरी मारा, अंधार असेल तर मोबाईलचा टॉर्च लावून.

उतरवताना?

चढवताना जेवढं लक्ष असतंय तेवढं उतरवताना नसतंय, पोचलो म्हणून सगळे खुश असतात. ट्रेलर जोडलेलाच ठेवायचा, मागचे पाय खाली, चाकांना गुटके, मग फाळका. फाळका उघडताना समोर उभं राहू नका, स्प्रिंग गेलेली असेल तर अंगावर येतोय. गाडीत ब्रेकवर माणूस बसल्याशिवाय शेवटचा पट्टा सोडायचा नाही, प्रवासात गिअर सुटलेला असू शकतोय. रॅचेट सोडताना तोंड बाजूला.

आणि गाडी खाली घ्यायच्या आधी पट्टे मोजा. चार लावले होते आणि हातात तीनच आले तर वाकून बघा, चौथा अजून मागच्या एक्सलला लटकत असतोय.